जुना सॉकेट सेट: १/४ लिहिलेला सॉकेट पाव इंचाच्या कशालाच बसत नाही, आणि क्रोम करून घेऊ का?

नटबोल्ट७
मंडळी, मामाने गॅरेज बंद केलं आणि त्याची पत्र्याची पेटी माझ्या गळ्यात पडली (मीच मागितली होती खरं तर). आत अर्धा इंची ड्राइव्हचे (हँडल अडकवायचं चौकोनी भोक अर्धा इंच) ११ सॉकेट, म्हणजे नटबोल्टच्या डोक्यावर बसणारे पाने, एक रॅचेट (सॉकेट फिरवायचं, एका दिशेने धरणारं आणि उलट दिशेने सुटणारं हँडल), एक सरकतं टी हँडल आणि एक्स्टेन्शन. सगळ्यावर गंज, रॅचेट एका बाजूला नीट चालतं, दुसऱ्या बाजूला नुसतं फिरत राहतं. पण खरा घोळ आकड्यांचा आहे. एकावर १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस असं दोन्ही लिहिलंय आणि तोंड मोजलं तर भरतं १३.३ मिमी! पाव इंच म्हणजे साडेसहा मिमीपण नाही ना? मार्किंग चुकलंय की मी? आणि हे सगळं क्रोम करून आणायचा विचार आहे, शोकेसमध्ये एक नंबर दिसेल. करू का?

जुनाटपाना
दोघंही बरोबर आहात, तू पण आणि सॉकेट पण. हा व्हिटवर्थचा सेट आहे, ब्रिटिश, डब्ल्यू म्हणजे तेच. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं माप ठरवून दिलं, त्या पद्धतीत पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी असते, डोक्याची रुंदी नाही. म्हणजे पाव इंची बोल्टचं डोकं ०.५२५ इंच, तेच तुझे १३.३ मिमी. आता ५/१६ बीएस का, तर ते बीएसएफचं, म्हणजे ब्रिटिश बारीक आट्यांचं माप, आणि त्या बीएसएफ बोल्टला डोकं एक साइज लहान असायचं, त्यामुळे ५/१६ च्या बीएसएफला आणि १/४ च्या व्हिटवर्थला एकच पाना चालतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थची डोकी पण त्याच लहान साइजवर आणली, म्हणून जुन्या मशीनवर आणि नंतरच्या मशीनवर त्याच बोल्टला वेगळा पाना लागतो, डोकं फिरतं माणसाचं. ज्यावर एएफ लिहिलेलं असतं तिथे मात्र सरळ दोन सपाट बाजूंमधलं अंतर, ते सोपं.
एक कळकळीची विनंती, हा १३.३ वाला १३ च्या नटवर लावू नकोस. बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खाऊन नट गोल करून ठेवतो. मी केलंय, छिन्नी हातोडीने काढायला लागला.

गंजखाऊ
क्रोम अजिबात नको!!! प्लेटिंगच्या आधी ते बफवर घासून गुळगुळीत करतात, त्यात ठोकलेली नावं-आकडे, म्हणजे शिक्के, जातात. शिक्का गेला तर मग राहिलं काय, कुठलाही चकचकीत तुकडा. शिवाय ॲसिडच्या टाकीतून काढलेल्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, नंतर नीट भाजून काढला नाही तर सॉकेट ठिसूळ होतो आणि जोर दिल्यावर उभा तडकतो.
गंजासाठी साधं व्हिनेगर घे, रात्रभर बुडवून ठेव, सकाळी पितळी ब्रशने घास. विसरून चार दिवस ठेवलंस तर करडा खरबरीत होतो, आकडे पुसट होतात. बाहेर काढलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळ, लगेच कोरडं कर, लगेच तेल लाव. "लगेच" दोनदा लिहिलंय ते उगाच नाही, चहा प्यायला गेलो तेवढ्यात माझ्या सॉकेटवर परत पिवळा थर आला होता.

रॅचेटवेडी
गंजखाऊ दादा, थांबा जरा, व्हिनेगरच्या आधी बघायला सांगा ना प्लेटिंग कुठलं आहे ते. जुन्या हत्यारांवर, युद्धाच्या काळातल्या तर खूपदा, क्रोमऐवजी कॅडमियम असतं. मंद राखाडी, कधी पिवळसर झाक, खराब झालं की पांढरी पावडर. ते विषारी आहे. घासायचं नाही, तापवायचं नाही, ॲसिडमध्ये पण नाही. तसा संशय असेल तर तेलाच्या फडक्याने पुसा आणि ठेवून द्या, जास्त शहाणपणा नको.
रॅचेटचं सांगते. दात बहुतेक शाबूत असतील, वर्षानुवर्षांचं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं आणि पॉल (दातात अडकणारी आतली खुंटी) दातात पडतच नाही, म्हणून एका बाजूला घसरतं. उघडताना पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, कारण आतला छर्रा आणि स्प्रिंग टुणकन उडतात. माझा छर्रा आजतागायत सापडला नाही. आधी फोटो काढा, रॉकेलने धुवा, परत भरताना हलकं तेल, जाड ग्रीस भरलं की पुन्हा तेच रडगाणं.

नटबोल्ट७
अपडेट. पांढरी पावडर कुठे नाही, क्रोमच आहे, म्हणून व्हिनेगर केलं. रॅचेट पिशवीतच उघडलं, छर्रा खरंच उडाला आणि पिशवीत सापडला, ताई तुमचे उपकार. आत मेणासारखा काळा गोळा होता, धुतल्यावर दोन्हीकडे कटकट वाजतंय. क्रोमचा विचार रद्द.
आता नवीन गंमत, १० सॉकेट एकाच कंपनीचे आहेत आणि अकराव्यावर गंजाखाली प्लॉम्ब असं नाव निघालं, माप ९/१६ एएफ. हा कुठून आला?

जुनाटपाना
प्लॉम्ब अमेरिकन, लॉस एंजेलिसची कंपनी. प्लंब नावाच्या दुसऱ्या हत्यारवाल्यांशी नावावरून कोर्टकचेरी झाली आणि १९४८ मध्ये ते नाव सोडून प्रोटो झाले. म्हणजे तुझ्या मामापेक्षा वयाने मोठा असेल तो सॉकेट. सेटमधला नाहीच, हरवलेल्याच्या खाचेत कुणीतरी बसवलाय. मामांना विचार.

नटबोल्ट७
विचारलं. म्हणाला मूळचा एका गिअरबॉक्समध्ये पडला, गिऱ्हाईक घाईत होतं, झाकण लावून दिलं. कुठल्या गाडीच्या ते सांगायला तयार नाही.