घड्याळातील नोंदी आणि विम्याचा हप्ता

प्रश्न: वडिलांची आरोग्य विमा कंपनी मनगटी घड्याळातील पावलांच्या व हृदयगतीच्या नोंदी मागते आणि त्याबदल्यात नूतनीकरणाच्या हप्त्यात सवलत देऊ करते. या नोंदी द्याव्यात का?

उत्तर १: विमा नियामकाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशी सवलत देण्यास मुभा दिली. तिच्या अटी मात्र पॉलिसीतच तपासाव्यात.

उत्तर २: अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना डॉक्टरांना रुग्णाच्या घरच्या रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या नोंदींवर दुरून देखरेख ठेवण्याचे वेगळे पैसे देते, कारण बिघाड वेळीच कळल्यास रुग्णालयातील भरती टळू शकते. त्यापुढे नुसती पावले मोजणे मला तरी उथळ वाटते.

उत्तर ३: संमतीपत्र नीट वाचा, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे.