स्क्रीनवर भगवा झळकतो, ऑफसेट छपाईत विटकरी उतरतो. मॉनिटर बदलू?

पानकोरा: २४ इंची आयपीएस मॉनिटर आहे, १०० टक्के एसआरजीबी (स्क्रीनची नेहमीची रंगकक्षा). कामं लग्नपत्रिका आणि मुखपृष्ठांची. छपाई कायम काळपट येते, भगवा तर विटकरीच. अ‍ॅडोबी आरजीबीचा, म्हणजे त्याहून मोठ्या रंगकक्षेचा मॉनिटर घ्यावा की आहे त्यालाच कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं उपकरण) लावावा?

शाईखूण: मॉनिटर राहू द्या, कॅलिब्रेटर घ्या. काळपटपणाचं कारण बहुतेकदा स्क्रीनचा जादा ब्राइटनेस असतं, त्यापुढे छपाई काळपट वाटते. नवा मॉनिटर २५०च्या पुढे कॅन्डेला (उजेडाचं माप, दर चौरस मीटरला) फेकतो, छपाईच्या कामाला ८० ते १२० पुरतात.

आधी नाइट लाइट, एचडीआर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गामा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, १०० कॅन्डेला द्या. पांढरा रंग मॉनिटरच्याच मेनूतल्या आरजीबी गेननं (लाल, हिरवा, निळा यांची पातळी) जुळवा, कॉन्ट्रास्टला हात लावू नका. तो पांढरा सॉफ्टवेअरवर सोडलात तर ग्रेडियंटमध्ये (हळूहळू बदलत जाणाऱ्या छटांत) पट्टे पडतात. प्रीसेट 'यूजर' ठेवा, कारण बऱ्याच मॉनिटरांचा एसआरजीबी मोड गेन आणि कधीकधी ब्राइटनेसही कुलूपबंद करतो.

गडदनिळा: भगव्यासाठी मॉनिटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. अ‍ॅडोबी आरजीबीचा लाल आणि निळा बिंदू एसआरजीबीचाच आहे, वाढतो तो हिरव्याकडे. फायदा सायन (आकाशी निळा) आणि हिरव्या छटांना.

भगवा विटकरी होतो तो सायन शाईमुळे. आरजीबीतून छपाईच्या चार शाईंत बदलताना भगव्यात ८-१० टक्के सायन शिरला की रंग मेला. आकडे हातानं भरा: सायन ०, मॅजेंटा (गडद गुलाबी) ६०, पिवळा १००, काळा ०. प्रेसवाल्याला प्रोफाइल (त्याच्या कागद-शाईवर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) विचारा. आर्ट पेपरला फोग्रा ३९ चालतं, मॅपलिथो या बिनलेपाच्या कागदाला अनकोटेडचं वेगळं घ्या. मग फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये (छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) 'सिम्युलेट पेपर कलर' लावून बघा. चित्र एकदम मळकं दिसेल, पण कागदावर तसंच उतरणार आहे. गिऱ्हाईक अडूनच बसलं तर पँटोन ऑरेंज ०२१ ही तयार खास शाई, म्हणजे पाचवी प्लेट आणि तिचा खर्च.

पानकोरा: कॅलिब्रेट केलं. आता पांढरा पिवळट दिसतोय. बिघडलं काही?

शाईखूण: नाही. आधीचा निळसर होता, डोळ्याला त्याची सवय. दोन दिवस तसाच वापरा. आणि प्रूफ (छपाईचा नमुना) साध्या पांढऱ्या ट्यूबखाली पारखू नका. ५००० केल्विनचा, ९०च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेला दिवा लावा, नाहीतर पुन्हा दोष मॉनिटरवरच येईल.