डिफेन्स बजेट वाढलं म्हणजे नक्की काय वाढलं?

लेथवाला_भोसरी
कालपासून तीन जणांनी मला एकच पोस्ट पाठवलीय. ‘संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, साडेनऊ टक्के वाढ, पुढची दहा वर्षं याच सेक्टरची, डोळे झाकून शेअर घ्या.’ मी पुण्याजवळ भोसरीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) पार्ट काढतो, निम्मं काम संरक्षणाचं आहे, त्यामुळे डोळे झाकणं मला परवडत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

२०२४-२५ ला ६,२१,९४० कोटी होते, २०२५-२६ ला ६,८१,२१० झाले, म्हणजे वाढ ५९,२७० कोटींची. ही गेली कुठे बघा. पगार, रेशन, डिझेल, दारूगोळा, दुरुस्ती मिळून जवळपास २९ हजार कोटी. पेन्शन साडेएकोणीस हजार कोटी. आणि नवीन विमानं, तोफा, जहाजं ज्यातून येतात तो कॅपिटलचा पैसा १,७२,००० वरून १,८०,००० कोटी. आठ हजार फक्त. त्यात आदल्या वर्षीचे १,७२,००० पण पूर्ण खर्च झाले नाहीत, सुधारित अंदाजात ते १,५९,५०० वर आणले. जो पैसा खर्चच झाला नाही त्याच्यावर दहा वर्षांचं भविष्य कसलं सांगता?

ऑर्डरबुक_बघा
दादा ती पोस्ट मीच टाकली होती आणि मी तिच्यावर ठाम आहे. तुम्ही एका वर्षाचा आकडा धरून बसलाय. २०२४-२५ मध्ये मंत्रालयाने १९३ करार केले, २,०९,०५० कोटींचे, एवढे एका वर्षात आधी कधीच झाले नव्हते. त्यातले १७७ देशातल्या कंपन्यांशी. ‘प्रचंड’ नावाची १५६ लढाऊ हेलिकॉप्टर, भारत फोर्ज आणि टाटाकडून ३०७ ‘अॅटॅग्ज’ या देशी तोफा. बोफोर्सनंतर तीस वर्षं सैन्याला नवीन तोफ मिळाली नव्हती हो, ते विसरलात का? सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ तेजस लढाऊ विमानं, ६२,३७० कोटी. उत्पादन १,२७,००० कोटींवरून वर्षात दीड लाख कोटींवर गेलं. निर्यात २०१३-१४ ला ६८६ कोटी होती, २०२४-२५ ला २३,६२२ कोटी झाली. हे काय कागदावर आहे?

लेथवाला_भोसरी
निर्यातीचं मान्य, त्याला मी नाही म्हटलंच नव्हतं. पण करार झाला म्हणजे पैसा आला असं नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजसचा करार झाला, विमानं मार्च २०२४ पासून यायची होती. अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ४०४ इंजिन पहिलं आलं तेच मार्च २०२५ मध्ये. इंजिन नाही तर विमान नाही, विमान नाही तर पुढचा हप्ता नाही, आणि हप्ता अडकला की तो खालपर्यंत अडकतो, शेवटी माझ्यापर्यंत. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा हवाई दलात लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन (तुकड्या) २९ उरल्या, मंजूर आहेत ४२. गरज आहे हो, गरजेबद्दल वादच नाही, पण गरज आणि पेमेंट यांच्यात चार वर्षांचं अंतर असतं ते तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

माझंच सांगतो. एका मोठ्या व्हेंडरला ब्रॅकेट आणि हाउसिंग दिले, इन्स्पेक्शन पास झालं, बिल सात महिने पडून. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, मी तो दाखवला तर म्हणे वरून पैसे आले की देतो. त्या सात महिन्यांत मी ओव्हरड्राफ्टवर कामगारांचे पगार केले आणि बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. आता फाइव्ह-अॅक्सिस मशीनचं कर्ज मंजूर होऊन पडलंय आणि सही करायला हात उचलत नाही.

सरळ_हिशोब
दोघंही फांद्या तोडताय, मूळ पेन्शन आहे. २०२५-२६ ला १,६०,७९५ कोटी! बजेटचा जवळपास चौथा हिस्सा. काम न करणाऱ्यांवर एवढा पैसा जात असेल तर तोफा कुठून येणार. चार वर्षांसाठी अग्निवीर भरणारी अग्निपथ योजना २०२२ लाच आणली ते बरोबरच झालं, वीस वर्षांपूर्वी आणायला हवी होती.

निवृत्त_हवालदार
काम न करणाऱ्यांवर? जरा तोंड सांभाळून बोला. १७ वर्षं नोकरी केली, त्यातली दोन सियाचीनला, ३६ व्या वर्षी घरी पाठवलं. मला काढलं कारण फौज तरुण लागते, माझी इच्छा होती म्हणून नाही. तुमच्या ऑफिसात ३६ व्या वर्षी घरी पाठवतात का कुणाला? दोन्ही पोरं शाळेत होती तेव्हा, आणि बाहेर आल्यावर मिळालं काय तर सोसायटीच्या गेटवर वॉचमनची नोकरी. ती पेन्शन हा आमच्या तारुण्याचा राहिलेला पगार आहे. आणि चार वर्षांनी शंभरातले पंच्याहत्तर पोरं घरी पाठवायचे त्याचं काय ते तुम्ही सांगा.

आणि दुसरं, त्या १,६०,७९५ कोटींत सगळे फौजी नसतात. डिफेन्स सिव्हिलियनची, म्हणजे संरक्षण खात्यातल्या बिनवर्दीच्या कर्मचाऱ्यांची, पेन्शन पण त्यातच येते, एसी ऑफिसात साठीपर्यंत बसलेल्यांची. आधी ती वेगळी काढा, मग आमच्याकडे बोट दाखवा.

ओझरची_लेक
काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे मला लागलं. माझे बाबा आयुध निर्माणीत फिटर होते, एसी नव्हता तिथे, भट्टी होती. बारूद भरायच्या सेक्शनला चप्पल-बूटसुद्धा बदलून जावं लागायचं, एक ठिणगी आणि सगळं संपलं. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. ते गोळे भरत होते म्हणून तुमच्या तोफा चालल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या तेव्हा घरात दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं.

आणि १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या सिव्हिलियनला जुनी पेन्शन नाहीच, माझ्या भावाला एनपीएस आहे, म्हणजे पगारातून कापून साठवायची नवी पेन्शन. फौजेला मात्र त्यातून वगळलंय. आमचा भार पुढे जाऊन कमीच होणार, तेव्हा आमच्यावर ढकलू नका.

निवृत्त_हवालदार
ताई, फॅक्टरीतल्या कामगाराला मी बोललो नाही, माझा रोख बाबूंवर होता. पण लिहिताना सगळे एका दावणीला बांधले, ते चुकलं. २००४ चं मला माहीत नव्हतं. बाबूंवरचा राग मात्र तसाच आहे. वडील गेल्यावर आईच्या कागदात नाव एका अक्षराने चुकलं म्हणून एका ऑफिसने अकरा महिने फॅमिली पेन्शन रोखली होती. म्हातारी दर महिन्याला एसटीने जायची.

सरळ_हिशोब
प्रत्येकाच्या घरची गोष्ट ऐकून देशाचा हिशोब होत नाही. ३४ लाखांवर पेन्शनर आहेत, हा आकडा खाली येत नाही, आणि चीन आपल्यापेक्षा साडेतीन पटीने जास्त खर्च करतो. ‘काम न करणारे’ हा शब्द मागे घेतो, मुद्दा घेत नाही.

ऑर्डरबुक_बघा
धागा बाजाराचा होता, पेन्शनवर कुठे गेला. लेथवाले दादा, शेवटचं सांगतो. २०२५-२६ ला कॅपिटलमधल्या खरेदीच्या पैशातले १,११,५४४ कोटी देशी उद्योगासाठी बाजूला ठेवलेत. हे काम तुमच्यासारख्यांकडेच येणार ना? नाशिकजवळ ओझरला तेजस बनवायची नवी लाइन सुरू झाली, भोसरीहून चार-पाच तासांवर.

ओझरची_लेक
लाइन सुरू झाली हे खरं. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून पहिलं तेजस उडालं तेव्हा बाबा गच्चीवर उभे होते. पण आमच्या गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यांना विचाराल तर तेही दादांसारखंच सांगतील, काम आहे, पैसे उशिरा.

लेथवाला_भोसरी
१,११,५४४ कोटी देशी उद्योगाला, पण देशी म्हणजे कोण? २०२४-२५ च्या उत्पादनात सरकारी कंपन्या ७७ टक्के, खाजगी २३. त्या २३ मध्ये वरती दहा-बारा मोठे, आणि मी त्यांच्याही खाली तिसऱ्या पायरीवर. तुमच्या शेअरवाल्याला नफा तिमाहीला दिसतो, मला बिल निघालं तरच दिसतो.

पण ओझरची लाइन खरी आहे, हे नाकारून चालणार नाही, आणि ताईने वडलांचं लिहिलं तेव्हापासून माझा राग थोडा उतरलाय. मशीनवर सही करेन, एका अटीवर. व्हेंडरकडून पर्चेस ऑर्डरमध्येच ४५ दिवसांची तारीख लिहून घेणार, आणि उशीर झाला तर व्याज. सोमवारी मीटिंग आहे. नाही म्हणाले तर बँकेला नाही कळवेन आणि गाड्यांच्या पार्टचं काम चालू ठेवेन, त्यात मार्जिन कमी आहे पण महिन्याला पैसे येतात.

निवृत्त_हवालदार
सोमवारी काय झालं ते इथे लिहा. पोरगा आयटीआय टर्नर आहे माझा, तुमच्याकडे जागा निघाली तर कळवा.