बाबांचं हनुमान थिएटर नेमकं कुठे होतं? (आणि एकूणच रात्रीची जुनी मुंबई)

डोंबिवलीचा_पम्या

नमस्कार मंडळी, धाग्याचं कारण जरा घरगुती आहे. बाबा आता ७९ चे. गिरणीत साचेखात्यात होते, ८२ च्या संपात सगळं गेलं आणि आम्ही डोंबिवलीला येऊन पडलो, तेव्हा मी पाळण्यात होतो त्यामुळे मला परळ-लालबाग म्हणजे फक्त गणपतीची रांग. हल्ली बाबांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण १९७० ची रात्र मिनिटामिनिटाने आठवते. पहिली पाळी असली की रात्री हनुमान थिएटरला तमाशा, मग तिथून चालत कुठे कुठे फिरून खोलीवर, एवढं एकच पालुपद चालू असतं. म्हणून मागच्या रविवारी गाडी काढली आणि म्हटलं चला दाखवा. उड्डाणपुलावरून लालबाग कधी आलं आणि कधी मागे पडलं तेच कळलं नाही, परत वळून खाली उतरलो तर बाबा खिडकीतून नुसते वर बघतायत, टॉवरच टॉवर, एकही खूण लागेना. शेवटी म्हणाले "चल घरी, हे दुसरं गाव आहे." गूगलवर हनुमान थिएटर टाकलं तर हनुमानाची देवळं येतात.

तर प्रश्न दोन. एक, हे थिएटर नक्की होतं ना, आणि आता तिथे काय आहे? दोन, त्या काळी रात्री माणसं जायची कुठे? तुमच्या आठवणीतल्या जागा पण सांगा, गिरणगावातल्याच पाहिजेत असं काही नाही. बाबांना वाचून दाखवणार आहे.

थोरले_काका

पम्या, देवळंच येणार, दुसरं काय येणार. थिएटर होतं, शंभर टक्के होतं, लालबागला. आता तिथे लग्नं लागतात, मंगल कार्यालय झालं. नेराळ्यांचं थिएटर ते. मधुकर नेराळे, ज्यांनी पुढे तमाशा कलावंतांसाठी एवढी धडपड केली, तेच. विठाबाई नारायणगावकरांना मी तिथेच पाहिलं. विठाबाईंचा फड आलाय असं कळलं की खात्यात जॉबरपासून (म्हणजे मुकादमापासून) बदलीवाल्यापर्यंत कुणाला दुसरा विषय नसायचा, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांचा खाडा.

आता तुझा दुसरा प्रश्न, माणसं रात्री जायची कुठे. त्याच्या आधी माणसं रात्री बाहेर का असायची ते समजून घे, हे आजकाल कुणी सांगत नाही. आमच्या खोलीत, दहा बाय बाराची असेल नसेल, आम्ही सतरा जण. सगळे एका गावचे, सातारा जिल्हा. गिरणीत तीन पाळ्या म्हणजे खोलीत पण तीन पाळ्या. रातपाळीवाला सकाळी येऊन झोपायचा त्याच वळकटीवर जिच्यावर रात्री दुसरा झोपलेला. सगळे एकदम घरी आले तर उभं राहायला जागा नाही, मग झोपणार कुठे? म्हणून माणूस रस्त्यावर. कुणी भजनाला, कुणी तालमीत, कुणी तमाशाला, कुणी नुसता पुलाच्या कठड्यावर बिडी ओढत. बाराला दुसरी पाळी सुटायची तेव्हा लालबागच्या नाक्यावर दुपारचे बारा वाजल्यासारखी गर्दी असायची बघ, भजीवाला आणि आम्लेटपाववाला तेव्हा भरात यायचा. २०२० च्या जानेवारीत सरकारने जाहीर केलं की आता मुंबई चोवीस तास चालू राहणार, मी पेपर वाचून हसलो. अरे आमची होतीच की चालू, गिरणीच्या भोंग्यावर.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर. लोक म्हणतात तमाशा टीव्हीने मारला, व्हिडिओने मारला. असेल थोडं. पण तिकीट काढणाऱ्याचा पगारच बंद झाला तर कुणाचा फड चालणार? थिएटर त्यानंतरही बरीच वर्षं तग धरून होतं, नव्वदीत कधीतरी बंद पडलं.

बाबांची गिरणी कुठली, कळव.

गिरगावकरीण

काका, सतरा जण वाचून अंगावर काटा आला.

मी गिरगावची. आमच्याकडे नाइट लाइफ म्हणजे साहित्य संघात नाटक, नाटक सुटलं की चौपाटीवर भेळ, आणि साडेबाराच्या आत घरी नाहीतर आईचा आवाज अख्ख्या चाळीला. पण आमच्या गल्ल्यांतून काय काय उडालं ते ऐका. कॉरोनेशन, जिथे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला, ते मी पाहिलंच नाही, आजोबांच्या तोंडून ऐकलं फक्त. मॅजेस्टिक, जिथे १९३१ ला 'आलम आरा' लागला, तेही पाडलं, तिथे शॉपिंग सेंटर आलं, आम्ही लग्नाच्या साड्यांचे फॉल बिडिंग तिथेच करायला टाकायचो आणि आपण कुठे उभे आहोत याचा कुणाला पत्ता नाही. जगात कुठेही देशातला पहिला बोलपट लागलेली जागा एवढ्या सहज मोडीत काढली असती का हो? एक धड पाटी तरी लावली असती.

आता खरी गोष्ट. १९८३-८४, मी कॉलेजात. तेव्हा मरीन ड्राइव्हला बॉम्बे इंटरनॅशनल हॉटेलमध्ये स्टुडिओ २९ नावाचा डिस्को होता, सबिरा मर्चंट यांचा, आणि तिथे फक्त मेंबर लोकांना प्रवेश. आम्हा चार मैत्रिणींना तो आतून बघायचाच होता. एकीच्या मोठ्या बहिणीचा चमकीचा टॉप, एकीची आईची लिपस्टिक, घरी सांगितलं मैत्रिणीकडे अभ्यास. दारापर्यंत गेलो, दारवानाने एकदा आमच्या चपलांकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. त्याने हाकललं पण नाही, नुसता हसला, आम्हीच मागे फिरलो. इतका राग आला होता ना! मग टॅक्सीचे पैसे होते त्यात गेलो मलबार हिलला नाझ कॅफेत. गच्च्या होत्या एकावर एक, जितकं वर बसाल तितकं महाग, आम्ही अर्थात सगळ्यात खाली. पण खालून काय आणि वरून काय, समोर क्वीन्स नेकलेस तोच, दिवे तेच. कोल्ड कॉफी दोन, ग्लास चार. आजूबाजूला सगळी जोडपी आणि आम्ही चार चमकी घातलेल्या, वेटरला वाटलं असणार या चौघींना सोडून चार मुलगे पळाले.

नाझ पण गेलं, नव्वदच्या शेवटाला, लीज संपली आणि जागा महापालिकेने परत घेतली. माझ्या मुलीला दाखवायला नेलं होतं, काय दाखवणार, झाडं आणि कुंपण. स्टुडिओ २९ आतून कसा होता ते मला आजतागायत माहीत नाही, इथे कुणी आत गेलेलं असेल तर कृपया सांगा, चाळीस वर्षं जीव अडकलाय.

धोबीतलाव_ते_मडगाव

गिरगावकरीणताई, आत गेलेला नाही पण आतल्या बाजूने आलेला आहे, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या दारातून 😀

आम्ही गोंयकार. माझे मामा सॅक्सोफोन वाजवायचे, मुंबईत आले तेव्हा धोबीतलावला गावच्या कुडीत राहिले. कूड म्हणजे काकांच्या खोलीचंच आमचं रूप, एका गावच्या लोकांची, भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, एका टोकाला अल्तार, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायलाच पाहिजे नाहीतर मॅनेजर बाहेर काढणार. जहाजावर जाणारे खलाशी, कूक आणि वाजपी, सगळे तिथे.

मामांचा दिवस असा. सकाळी पिक्चरच्या गाण्याचं रेकॉर्डिंग, दुपारी झोप, रात्री काळा सूट घालून चर्चगेटला. त्या एका रस्त्यावर, आताचा वीर नरिमन रोड, रांगेने बँड असायचे हो. गेलॉर्ड, अॅम्बॅसॅडर, अॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस. बँडवाले क्रिस पेरी आणि त्यांची गायिका लॉर्ना त्याच रस्त्यावर गाजले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, ज्यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, ते खरे आंतोनियो झेवियर वाझ, आल्दोन्याचे. एका दारातून जॅझ ऐकू यायचा, दहा पावलं चालला की दुसऱ्यातून दुसरा. आत जायला पैसे नसलेले लोक फुटपाथवर उभे राहून ऐकायचे, माझ्या मामीने मामांना पहिल्यांदा असंच ऐकलं, दिसले नाहीत, फक्त सॅक्सोफोन ऐकला.

आणि गंमत म्हणजे हे सगळं दारूबंदीत! कायदा १९४९ चा, वरच्या लोकांकडे परमिट, खालच्या लोकांकडे आंटी. आंटीचा अड्डा म्हणजे तिच्या घरातली बाहेरची खोली, उकडलेलं अंडं किंवा चणे, आणि भिंतीवर येशूचा फोटो. मामा सांगायचे की हॉटेलात साहेबांना वाजवून दाखवायचो आणि तिथून सुटलो की आंटीकडे स्वतःसाठी वाजवायचो, चांगलं वाजायचं ते दुसऱ्या ठिकाणी.

पुढे डिस्को आला, एक माणूस दोन टर्नटेबल घेऊन बसला की आठ माणसांच्या बँडचं काम काय. रेकॉर्डिंगमध्ये पण तेच, सिंथेसायझर आला. मामा शेवटी एका शाळेत मुलांना बँड शिकवायचे. ताई, तुम्हाला ज्या डिस्कोत सोडलं नाही तशाच एकाने त्यांना बाहेर काढलं म्हणायचं, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

धोबीतलावची इराण्याची बास्तानी पण गेली. समोरची कयानी आहे अजून, १९०४ ची. ब्रूनमस्का खाऊन घ्या, कधी काय होईल सांगता येत नाही.

खडूस_वाचक

सगळे रडतायत म्हणून मी जरा वेगळं बोलतो, माफ करा. थोरले काकांनी सतरा जणांची खोली सांगितली आणि लगेच पुढे तमाशाचं कौतुक. काका, त्या सतरा जणांच्या बायका गावाला होत्या ना? त्यांची रात्र कशी जायची? आणि फडातल्या बायकांची? विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली, हे पण धाग्यात येऊ दे. शहराच्या रात्रीला आपण नॉस्टॅल्जिया म्हणतो आणि नाचणारीला नावं ठेवतो. २००५ ला डान्सबार बंद केले तेव्हा हेच लोक टाळ्या वाजवत होते, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बंदी चुकीची ठरवली तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत.

बाकी इमारतींचं दुःख मान्य. मिनर्व्हा गेलं, जिथे 'शोले' पाच वर्षं चालला. दादरचं चित्रा २०१९ ला बंद. मला स्वतःला सगळ्यात जास्त लागलं ते र्‍हिदम हाउस, २०१६. तिथल्या बूथमध्ये हेडफोन लावून फुकट ऐकण्यात माझी सगळी जवानी गेली, विकत घेतल्या असतील पाच कॅसेट. म्हणजे बंद पडण्यात माझाही हात आहे.

थोरले_काका

खडूसराव, बरोबर बोललात, राग नाही. माझी बायको गावाला अकरा वर्षं एकटी होती, वर्षातून दोनदा भेट, गणपतीला नाहीतर जत्रेला आणि मे महिन्यात. ती आता हे वाचतेय माझ्या शेजारी बसून आणि म्हणते, "विचारणारा पहिला माणूस भेटला." तेव्हा धन्यवाद.

जेवायला आम्ही खाणावळीत. ती पण बाईचीच, नवरा आमच्याच गिरणीत, ती दोन वेळचे वीस डबे करायची. संपात आमचे पैसे थकले तरी तिने ताट थांबवलं नाही, स्वतःच्या बांगड्या गहाण टाकल्या हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिची खोली होती ती चाळ पण पडली, तिथे काय उभं राहिलंय ते मान वर करून बघावं लागतं.

आणि कोकणातल्या मंडळींना विसरू नका. दामोदर हॉल, परळचा, १९२२ चा, नमन आणि जाखडी बघायची तर तिथे. कोकणी पोरं रातपाळी चुकवून शक्ती-तुऱ्याचे सामने करायची, सवाल-जवाब पहाटेपर्यंत. २०२३ ला तो पण पुनर्बांधणीसाठी बंद झाला. परत होईल म्हणतात, बघू, आपण असतो का तेवढं.

नातवाने मला एकदा नेलं होतं फिनिक्समध्ये, पूर्वीची गिरणी ती, आता मॉल. नव्वदच्या शेवटी तिथे फायर अँड आइस नावाचा क्लब होता ना, तो म्हणे पोरांना फार आवडायचा, आता तो पण बंद आणि तो जुना झाला म्हणून पोरं हळहळतात. नातवाला म्हटलं, तू इथे रात्री दोनला नाचलास ना, त्याच वेळी इथे माणसं पंख्याशिवाय सूत काढायची. तो म्हणाला, "आजोबा, आवाज तेवढाच असेल." ते मात्र खरं आहे. कानात कापूस तेव्हाही घालायला लागायचा.

डोंबिवलीचा_पम्या

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आणि प्रिंट पण काढली, मोठ्या अक्षरात.

काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. लग्नाचा हॉल झाला म्हटल्यावर वाईट वाटेल असं वाटलं होतं तर म्हणाले "बरं आहे, ढोलकी नाही तर बँड तरी वाजतो." खोलीत सतरा म्हणजे ऐष, आम्ही बावीस होतो म्हणाले. आणि खाणावळवालीचं वाचताना मध्येच थांबवलं, म्हणाले परत वाच. दोनदा वाचलं. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि एकदम मला एका बाईंचं नाव सांगितलं, जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि म्हणाले तिचे साडेतीन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिलेत.

काका, तुमच्या खाणावळवाल्या त्याच का, हे मला इथे जाहीर विचारायचं नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. येत्या रविवारी परत आणतो बाबांना, या वेळी ट्रेनने, करी रोडला उतरून चालत. तुम्ही लालबागच्या लाडू सम्राट हॉटेलपाशी याल का साडेदहाला?

थोरले_काका

व्यनि वाचला. येतो. दहालाच येतो.