शाळा शेतात गेली तेव्हा : खान्देशातल्या शिवारफेरीचे अनुभव

किल्ला, धरण, वॉटरपार्क या सहलींवर सगळेच बोलतात. इथे लिहायचंय ते शाळेने जवळच्याच शेतावर नेलं होतं त्याबद्दल. ‘निम्मा वर्ग शेतकऱ्यांचा, त्यांना शेत काय दाखवता?’ असं विचारणारे पालक आपल्याकडे असतातच. त्यांनीही लिहावं. शिक्षक, माजी विद्यार्थी आणि ज्यांच्या बांधावर वर्ग उतरला ते शेतकरी, सगळ्यांना आमंत्रण.

शिक्षिका, रावेर तालुका
सातवीला केळीच्या बागेत नेलं. मालकाने घड उतरवलेलं एक खोड आडवं कापून दिलं. पापुद्र्याला पापुद्रा चिकटलेला आणि मधून पाणी गळतंय. एका मुलीने बोट लावलं तशी मागून आरोळी आली, ‘त्याले हात नको लावू, डाग जात नही मंग!’ इंग्रजीच्या तासाला मान वर न करणारा मुलगा होता तो. मग त्यानेच सूत्रं हातात घेतली. एक खोड एकदाच घड देतं, बुंध्याशी आलेल्या पिलांतलं एक राखायचं, बाकीची कापायची. केळफूल कधी मोडायचं, वादळाच्या आधी टेकू कुठे द्यायचा, सगळं सांगितलं. बऱ्हाणपूरच्या केळीबाजारात भाव काय निघाला आणि व्यापारी त्यातून क्विंटलमागे किती कापतो, तेही. दुसऱ्या दिवशी शेकडेवारी मी त्याच आकड्यांवर शिकवली. फळ्यावर यायला मात्र तो अजूनही लाजतो.

माजी विद्यार्थी, साक्री तालुका
आमची सहल पायीच, पांझरेच्या बंधाऱ्यापर्यंत. पाटकऱ्याने दार उचललं, पाणी चारीत सुटलं आणि आम्ही चपला हातात घेऊन त्याच्या पुढे पळालो. सरांनी नागरिकशास्त्राचा तास तिथेच काठावर घेतला. गावाचं ओलित फडांत, म्हणजे जमिनीच्या मोठ्या पट्ट्यांत, वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठल्या फडाला द्यायचं ते गावाने बसून ठरवायचं. ज्याचे तुकडे दोन-तीन फडांत विखुरलेले, त्याचं एक बुडालं तरी दुसरं तरतं. ही पद्धत ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी जुनी. पुढे कॉलेजात ‘सहकार’ शिकवला तेव्हा मला पुस्तकापेक्षा तो पाटकरीच आठवायचा. आता बऱ्याच ठिकाणी विहिरी-बोअर झाल्यात, फड नावालाच उरलेत.

पालक, नंदुरबार
मुलीची सहल मिरची वाळत घालतात त्या पथारीवर होती. नजर जाईल तिथवर लाल. बाईंनी माहिती सांगायला तोंड उघडलं आणि शिंकाच सुरू! माहिती बहुधा झालीच नाही. घरी येऊन डोळे चोळत बसली होती, त्याच हातांनी.

धरणगावकडची, सध्या पुण्यात
आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत दिसेना. कापसाच्या शेतावर गेलो तर ती तिथेच, आईबरोबर वेचणीला, कमरेला झोळी. बाईंनी तिला बोलावलं नाही, आम्हालाच तिच्या ओळीत सोडलं. बोंडाची टोकं नखाशी इतकी टोचतात हे तेव्हा कळलं. मजुरी किलोवर, त्यामुळे तिला आमच्याशी बोलायला सवडच नव्हती. आमच्या मूठ-मूठ कापसात पाला-कचराच जास्त. तो तिच्या आईला नंतर निवडत बसावं लागलं असणार.

शेतकरी, चोपडा तालुका
माझ्याकडे दरवर्षी एक तरी वर्ग येतो. घाटे भरलेले असतात, पोरं हरभरा उपटतात, उपटू द्या. पानांवरच्या आंबट आंबेने ओठ चुरचुरले की आपोआप थांबतात. दुपारी कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत घालतो, पैसे घेत नाही. शिक्षकांना सांगणं एवढंच, की न कळवता येऊ नका. मागे एक वर्ग आला तेव्हा नुकतीच फवारणी झाली होती. गाडी बांधावरूनच परत लावली, पोरं रडवेली झाली. आदल्या दिवशी फोन करा. आणि पाण्याच्या बाटल्या वर्गाच्या वर्गाने परत न्या, ठिबकच्या नळ्यांत अडकलेल्या काढताना आमची संध्याकाळ जाते.