झोपेत दात खाणं: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: इथे कुणाच्या घरी झोपेत दात खायचा त्रास आहे का? आमचे हे रात्री इतके करकर दात खातात की मला जाग येते. सकाळी कानशिलं दुखतात म्हणून कुरकुर, आणि विचारलं तर 'मी कुठे खातो?'

ए-१०१: जंत झाले असतील गं. औषध दे एकदा.

सी-२०२: काकू, पन्नाशीच्या माणसाला जंत? 😄

डी-५०१ (दातांच्या डॉक्टर): काकू, जंतांमुळे दात खातात याला भक्कम पुरावा नाही. जंत असले तर औषध घ्यावंच, पण दात खाणं त्याने थांबेल असं धरून चालू नका. बी-३०४, टॉर्च मारून बघा बरं. सुळ्यांची टोकं सपाट झालीत का? जिभेच्या कडेवर दातांचे ठसे? गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरट उठाव?

बी-३०४: बघितलं. सुळे सपाट. जिभेची कड तर कातरल्यासारखी. गार पाण्याने दाढेत कळ येते तीही यामुळेच का?

डी-५०१: असू शकते. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजलं की आतला थर उघडा पडतो, आणि इनॅमल परत येत नाही.

सी-२०२: मी ऑनलाइन नाइट गार्ड मागवलाय, झोपताना दातांवर बसवायचं कवच, गरम पाण्यात मऊ करून चावायचा. चालतो ना?

डी-५०१: तात्पुरता चालेल. पण मऊ गार्ड काहीजण झोपेत चघळत बसतात, जबडा उलट जास्त राबतो. माप घेऊन केलेला कडक ॲक्रिलिकचा बरा, दाब सगळ्या दातांवर वाटला जातो. तरी गार्ड दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही. काही महिन्यांनी त्यावर चरे दिसतील, ते एरवी दातांवर पडले असते. आणि धुवायचा गार पाण्यानेच, गरम पाण्याने वाकडा होतो.

सेक्रेटरी: लिफ्ट उद्या ११ ते १ बंद. कृपया नोंद घ्यावी.

सी-२०२: मग थांबतं कशाने? बोटॉक्सचं इंजेक्शन घेतात म्हणे.

डी-५०१: त्याने जबड्याच्या स्नायूचा जोर कमी होतो, तोही ३-४ महिनेच. सुरुवात तिथून करू नये. हमखास थांबवणारं असं काही नाही. झोपेत मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो आणि त्यापाठोपाठ जबडा आवळला जातो. त्यामुळे झोप चाळवणारी प्रत्येक गोष्ट बघायची: ताण, दारू, सिगारेट, रात्रीची कॉफी. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनीही काहींना होतं, पण म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्यांना सांगायचं. बी-३०४, हे घोरतात का?

बी-३०४: भिंत हलते. मधेच एकदम गप्प होतात आणि मग दचकून श्वास घेतात.

डी-५०१: मग गार्ड नंतर. आधी झोपेची तपासणी करा, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, आहे का ते कळेल. तो असताना नुसता गार्ड बसवला तर काहींचा श्वासाचा त्रास वाढूही शकतो.

ए-६०३: माझं उलट आहे. रात्री काही नाही, पण लॅपटॉपसमोर बसले की दात घट्ट आवळलेले असतात. संध्याकाळी जबडा ठणकतो.

डी-५०१: ते जास्त हातात असतं. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. 'न' म्हणा. जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, दात आपोआप सुटतात. स्क्रीनच्या कडेला ठिपका चिकटवा, दिसला की तपासायचं.

ए-४०२: ताई, माझी ५ वर्षांची मुलगीही खाते.

डी-५०१: बहुतेक मुलांचं वाढत्या वयात कमी होतं. जबडा वाढत असतो, म्हणून सहसा गार्ड देत नाही. तोंड उघडं टाकून झोपत असेल किंवा घोरत असेल, तर मात्र टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) दाखवून घ्या.

बी-३०४: हे शेजारी बसून वाचतायत. म्हणतात, मी घोरतच नाही.

डी-५०१: मोबाइल उशाशी ठेवून रेकॉर्ड करा. तपासणीला जाताना तेच डॉक्टरांना ऐकवा.

बी-३०४: आज रात्रीच लावते.