ऑटिझमच्या एम-चॅट प्रश्नावलीत ९ गुण आलेत, आता निदान कसं होतं?

मामा_भांडुप
भाचा २६ महिन्यांचा. बालरोगतज्ज्ञांनी एम-चॅट भरून घेतली, ९ गुण आले. बेरा (ऐकू येतं का याची तपासणी) करून डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) दाखवा म्हणालेत. आजीचं म्हणणं, मुलगे उशिराच बोलतात. शेजारचे म्हणतात, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) एकदमच उरकून घ्या. नेमकं काय करायचं?

बालविकास_परळ
एमआरआयचे पैसे तूर्त वाचवा. ऑटिझम रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. घरच्यांशी सविस्तर बोलून आणि मुलाला खेळताना पाहूनच निदान करतात. झटके येत असतील, आलेलं बोलणं गेलं असेल किंवा डोक्याचा घेर फारच लहान-मोठा असेल, तर त्या तपासण्यांचा विचार होतो. मायक्रोअ‍ॅरे, फ्रॅजाइल एक्स या जनुकीय चाचण्या कारण शोधायला असतात. निदान त्यांच्यावाचून अडत नाही.

एम-चॅट ही फक्त चाळणी, १६ ते ३० महिन्यांसाठी, २० प्रश्नांची. ३ ते ७ गुण आले तर तेच प्रश्न उदाहरणं देऊन पुन्हा विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. म्हणजे तुम्ही थांबायचं नाही. तरी गुण एकदा तपासाच. २, ५ आणि १२ या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं तर गुण मिळतो, बाकी सगळ्यांना ‘नाही’ म्हटलं तर. घाईत इथेच गफलत होते. शिवाय ‘बोट दाखवतो का’ म्हटलं की लोक ‘एकदा दाखवलं होतं’ म्हणून ‘हो’वर खूण करतात. प्रश्न नेहमीच्या सवयीचा आहे. आईचा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेणं म्हणजे बोट दाखवणं नव्हे.

आजींना एवढंच सांगा: नुसतं बोलणं उशिरा येणारं मूल खुणांनी, नजरेने, वस्तू आणून दाखवून आपलं काम करून घेतं. तज्ज्ञ तेच बघतात. डीएसएम-५ या निदानाच्या निकषांच्या पुस्तकाप्रमाणे सामाजिक देवाणघेवाण, नजर-हावभाव आणि नाती-खेळ या तिन्हींत अडचण हवी. शिवाय त्याच त्या हालचाली किंवा शब्द, बदल न खपणं, एकाच गोष्टीचा ध्यास, आवाज-स्पर्श यांबद्दल वेगळेपणा या चारांपैकी किमान दोन.

कान_नाक_दादर
बेरा टाळू नका. हाक मारली तर बघत नाही, याचं कारण कानातही असू शकतं. नुसती ओएई (कानाची झटपट चाळणी) ‘पास’ आली म्हणून सोडू नये. मज्जातंतूतला दोष तिच्यात सुटू शकतो. बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणतपासणी होते.

बेराला मूल झोपलेलं हवं, आणि अपॉइंटमेंट वाया जाते ती बहुतेक इथेच. त्या दिवशी लवकर उठवा आणि लोकलमध्ये, रिक्षात डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तिथे पोचल्यावर टक्क जागं. डोक्याला तेल नको, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. झोपेचं औषध लागलं तर ते तिथलेच देतील, घरून पाजून नेऊ नका. सर्दी असेल तर आधी फोन करा. कानात पाणी साचलं असेल तर निकाल बिघडतो.

मामा_भांडुप
धन्यवाद. एके ठिकाणी एडॉस (मुलाशी खेळत करायची ऑटिझमची चाचणी) हवीच म्हणाले, खर्च बराच आहे. आणि तज्ज्ञांची तारीख लांबची मिळतेय.

स्पीच_ओटी_ठाणे
एडॉस-२ चांगली चाचणी, पण सक्तीची नाही. कार्स-२ ही मोजपट्टी (१५ मुद्दे, ३० गुणांपासून पुढे ऑटिझमकडे झुकतं) किंवा २ ते ९ वर्षांसाठीची भारतीय आयएनडीटी-एएसडी चाचणी वापरूनही अनुभवी डॉक्टर निदान करतात. मात्र नुसत्या गुणांवर, पंधरा मिनिटांत शिक्का मारणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा. घरात मराठी असेल तर तपासणीही मराठीत मागा. न कळलेल्या इंग्रजी सूचनेला मूल प्रतिसाद देत नाही, आणि ते लक्षण म्हणून नोंदलं जातं.

तारखेची वाट बघत स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या कामांसाठीची) थेरपी थांबवू नका. त्यांना निदानाचा कागद लागत नाही. तोवर मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे तुकडे काढून ठेवा: हाक मारल्यावर, जेवताना, एकटा खेळताना, दुसऱ्या मुलांत. शिकवून करून घेऊ नका. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओही न्या, तेव्हा येत असलेलं काही नंतर गेलं का ते त्यावरून कळतं.

बालविकास_परळ
सरकारी दिव्यांग प्रमाणपत्राची घाई नको. त्यासाठीची ४० मुद्द्यांची आयसा ही ऑटिझमची मोजपट्टी तीन वर्षांपुढच्या मुलांना लावतात.